पट मांडणारी माणसे

गणपती ही बुद्धीची देवता. म्हणूनच गणेशोत्सवात रांगोळी, संगीत खुर्ची यांच्या जोडीला बुद्धिबळाची स्पर्धा असते. आमच्या कोसाडमध्येही आहे. पण अनंत चतुर्दशीला बाप्पा निघाले की पट आणि मोहरी कपाटात जातात, ती पुढच्या भाद्रपदातच बाहेर येतात. अशाने खेळाडू घडतात का? इतिहास काय सांगतो ते पाहू.

सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ साली नूतन बुद्धिबळ मंडळ सुरू केले. आपल्याकडे त्या काळी देशी पद्धतीचा डाव चाले. प्यादे पहिल्या चालीतही एकच घर सरके, आणि किल्लेकोट नसल्यामुळे राजाला एकदाच घोड्याची उडी मिळे. देशातली पहिली राष्ट्रीय स्पर्धा व्हायला १९५५ साल उजाडले. एलुरू येथे रामचंद्र सप्रे आणि डी. वेंकय्या यांनी ते अजिंक्यपद विभागून मिळवले. म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेच्या चौदा वर्षे आधी सांगलीत मंडळ होते! पुढे भाग्यश्री साठे-ठिपसे, स्वाती घाटे यांची नावे याच सांगलीशी जोडली गेली.

मुंबईत हेच काम एका घरात झाले. ‘नवाकाळ’चे संपादक नीळकंठ खाडिलकर यांच्या वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिन्ही मुली राष्ट्रीय विजेत्या झाल्या. १९७४ ची पहिली महिला राष्ट्रीय स्पर्धा वासंतीने जिंकली. १९७६ मध्ये तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, तेव्हा आक्षेप घेतले गेले. अखेर महिलांना अडवता येणार नाही, असा निर्वाळा जागतिक संघटनेने दिला. १९८१ मध्ये रोहिणी आशियाई विजेती झाली. आणि २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला.

हे लिहिताना आम्हाला आमचीच चूक आठवते. मागच्या वर्षी आम्ही मुलींचा वेगळा गट केला. दोघीच आल्या. एक डाव झाला, दोघींना बक्षीस मिळाले. त्यातली एक मुलगी म्हणाली, “काका, मला दादांशी खेळायचं होतं.” आमच्याकडे उत्तर नव्हते.

म्हणून यंदा विसर्जनानंतर पट कपाटात जाणार नाहीत. सरकारी नोकरी सांभाळून रविवारची सकाळ आम्ही देऊ शकतो. मुले-मुली एकत्र बसतील. नवशिक्याला सगळी मोहरी एकदम दिली की तो गोंधळतो. म्हणून आधी फक्त राजा आणि प्यादी, मग हत्ती, घोडा सर्वांत शेवटी. हात लावला ते मोहरे हलवायचे, चाली वहीत लिहायच्या, आणि हरलेला डाव पुन्हा मांडून चूक शोधायची.

आमची मुले शाळेत गुजराती बोलतात, घरी अहिराणी किंवा मराठी. पटावर भाषेची अडचण नाही. अडचण एकच, दर रविवारी दार उघडणाऱ्या माणसांची. खेळ येणाऱ्या आजोबांनी, ताई-दादांनी त्यासाठी पुढे यावे.

गणपती बाप्पा मोरया!