दाखला की तिकीट?



आमच्या कुपवाडहून मिरज, मिरजेहून म्हैसाळ, आणि म्हैसाळ ओलांडले की कागवाड. एवढ्यात राज्य बदलते. ऊस तोच, कृष्णेचे पाणी तेच, आणि सोयरिकी इतक्या की सुनेचे माहेर कोणत्या राज्यात हे मुद्दाम विचारावे लागते. पण दोन्हीकडच्या दहावीच्या गुणपत्रिका शेजारी ठेवा, म्हणजे सीमा कुठे आहे ते कळेल. आमच्याकडे एस.एस.सी., तिकडे एस.एस.एल.सी. आमचे सहा विषय शंभर-शंभरचे, म्हणून बेरीज ६००. तिकडे पहिल्या भाषेला १२५ आणि बाकी पाच विषयांना १००, म्हणून बेरीज ६२५.

हे २५ गुण जास्त का, असा प्रश्न वर्गात विचारला तर मुले म्हणतील, "बाई, त्यांची पद्धत." बरोबर आहे. पण पद्धतीलाही इतिहास असतो, आणि तो समजला की मुलांच्या पदरी पडणारे बरेचसे न्याय-अन्याय समजतात.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८५९ साली त्याने पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा घेतली. त्या पहिल्या तुकडीत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. १८६२ साली जे पहिले चार बी.ए. झाले त्यांतही हे दोघे होतेच. उरलेले दोन म्हणजे बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. इथे लक्षात घ्यायची गोष्ट अशी, की मॅट्रिक ही शाळेची परीक्षाच नव्हती. ती विद्यापीठाची होती. विद्यापीठ आपल्या दारात उभे राहून विचारत असे, "आत येण्याइतकी तुझी तयारी आहे का?" म्हणजे मॅट्रिक हे प्रवेशाचे तिकीट होते. ते मिळाले नाही तर मुलगा शाळेत काय शिकला याची नोंद ठेवणे हे विद्यापीठाचे काम नव्हते.

मद्रास इलाख्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वेगळा विचार झाला. तिथे मॅट्रिकच्या जागी एस.एस.एल.सी. आली. नावाचा साधा अर्थ पाहा : माध्यमिक शाळा सोडल्याचा दाखला. शाळेतल्या कामाची नोंद आणि जाहीर परीक्षा या दोन्हींचा मेळ त्यात घालायचा होता. मूल कॉलेजात जावो अथवा कचेरीत, शाळेत ते काय शिकले हे कोणालाही वाचता यावे ही कल्पना. पुढे म्हैसूर राज्यात हेच नाव चालले आणि आजच्या कर्नाटकातही तेच आहे.

तर एकीकडे तिकीट आणि दुसरीकडे दाखला. माझ्या मते आपल्याकडच्या परीक्षांची पुढची सगळी भांडणे या दोन शब्दांत सापडतात.

१९४८ साली मुंबई राज्याने कायदा करून एस.एस.सी.चे बोर्ड काढले आणि १९४९ पासून विद्यापीठाच्या मॅट्रिकऐवजी एस.एस.सी. सुरू झाली. आमच्या भागात तेव्हा मोठीच उलथापालथ चालू होती. सांगली आणि मिरज संस्थाने १९४८ साली विलीन झाली होती, १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा झाला, आणि त्याला सांगली हे नाव १९६० साली मिळाले. बेळगाव, धारवाड, विजापूर हेही तेव्हा मुंबई राज्यातच होते. त्यामुळे बेळगावचा मुलगा आणि मिरजेचा मुलगा एकाच राज्याच्या परीक्षेला बसत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. सीमाप्रश्नाविषयी आपण उदंड वाचतो, पण त्या दिवशी परीक्षेचीही फाळणी झाली हे सहसा कोणी सांगत नाही. त्यानंतर त्या भागातली मराठी माध्यमाची मुले एस.एस.एल.सी.च्या वाटेला लागली.

आपल्या महाराष्ट्रालाही घरातले तीन मुलूख एकत्र बांधायचे होते. पश्चिम महाराष्ट्र मुंबई राज्याच्या वळणाचा, विदर्भ नागपूरच्या वळणाचा आणि मराठवाडा हैदराबादच्या. त्यासाठी १९६५ साली कायदा झाला आणि १ जानेवारी १९६६ पासून राज्य मंडळ कामाला लागले. त्याच वर्षी कर्नाटकात (तेव्हाच्या म्हैसूर राज्यात) माध्यमिक शिक्षण परीक्षा मंडळ निघाले. दोन्ही बोर्डे एका वयाची! मी स्वतः या नव्या मंडळाची जुनी अकरावी पास झालेली. पुढे १९७५ साली जुनी अकरावी आणि नवी दहावी अशा दोन्ही एस.एस.सी. एकाच वर्षी झाल्या. मी तेव्हा नुकती शिक्षिका झाले होते. थोरला भाऊ अकरावीला, धाकटी बहीण दहावीला, आणि दोघांचे पेढे एकदमच, अशी घरे मी पाहिली आहेत.

आता त्या १२५ गुणांकडे येऊ. कर्नाटकात पहिल्या भाषेचे वजन हा नुसता आकड्याचा प्रश्न कधीच नव्हता. १९८० साली तिथल्या सरकारने वि. कृ. गोकाक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने शिफारस केली, की माध्यमिक शाळेत कन्नड हीच एकमेव पहिली भाषा असावी आणि तिला १५० गुण असावेत. त्यावरून १९८२ साली मोठे आंदोलन झाले आणि अभिनेते राजकुमार त्यात उतरले. सांगलीकरांना सांगायची गंमत म्हणजे हेच गोकाक एके काळी आपल्या विलिंग्डन कॉलेजचे प्राचार्य होते. १९१९ साली निघालेल्या या कॉलेजात मराठी आणि कानडी मुले एकाच बाकावर बसत, आणि कन्नडचे मोठे अभ्यासक रं. श्री. मुगळी तिथेच शिकवत.

आज तिथे मराठी मुलाला मराठी ही पहिली भाषा घेता येते, म्हणजे ते १२५ गुण त्याच्या मायबोलीचे असू शकतात. पण २०१५ च्या कायद्याने त्याला कन्नडही शिकावीच लागते. आपल्याकडे २०२० च्या कायद्याने सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली. इकडे जत तालुक्यात कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत आणि बालभारती त्यांच्यासाठी कन्नड पुस्तके छापते. आरशात पाहावे तसे आहे सारे. निपाणीच्या मराठी मुलाला जे वाटते तेच जतच्या कानडी मुलाला वाटत असणार.

आता थोडे गणित करू, सवय जात नाही! तिकडच्या मुलीला ६२५ पैकी ५६३ मिळाले, म्हणजे साधारण ९० टक्के. आपल्या मुलाला पाच विषयांत मिळून ४५० आणि सहाव्यात ६०. सहा विषयांचे धरले तर ५१० म्हणजे ८५ टक्के. पण २०१० पासून आपल्याकडे उत्तम पाच विषयांची टक्केवारी धरतात, म्हणून त्याचेही ९० टक्के! तिच्या टक्क्यांत सगळे विषय आले, त्याच्या टक्क्यांत नावडता विषय गळाला. शिवाय तिच्या एकूण गुणांत पहिल्या भाषेचा वाटा पाचवा हिस्सा, त्याच्या सहा विषयांत सहावा. दोघांचे टक्के सारखे, पण मोजलेली वस्तू सारखी नाही.

हे "बेस्ट फाइव्ह" कसे आले तेही सांगण्यासारखे आहे. अकरावीच्या प्रवेशात आपली एस.एस.सी.ची मुले सीबीएसई-आयसीएसईच्या मुलांच्या मागे पडतात अशी ओरड होती. २००८ साली सरकारने पर्सेंटाइलचे सूत्र आणले, ते उच्च न्यायालयात टिकले नाही. २००९ साली ९० टक्के जागा एस.एस.सी.ला ठेवल्या, तेही टिकले नाही. २०१० साली बेस्ट फाइव्ह आणले. उच्च न्यायालयाने तेही रद्द केले, पण सर्वोच्च न्यायालयात ते तरले. तीन वर्षे लागोपाठ जून-जुलैत मुले कॉलेजऐवजी कोर्टाकडे डोळे लावून बसली. कारण एकच. तीन बोर्डांनी आपापल्या परीने दिलेला दाखला एकाच खिडकीवर तिकीट म्हणून वापरायचा होता.

एका मंडळाने एकट्याने नियम बदलला की काय होते हे २०१९ ने दाखवले. भाषा आणि समाजशास्त्रे यांचे अंतर्गत २० गुण आपल्या मंडळाने काढून टाकले. आदल्या वर्षी ८९.४१ टक्के असलेला निकाल ७७.१० वर आला. मुले एका वर्षात ढ झाली नव्हती, मोजपट्टी बदलली होती. पण बाकीच्या बोर्डांची मोजपट्टी जुनीच होती आणि अकरावीची रांग मात्र एकच. पुढच्या वर्षी ते गुण परत आले आणि २०२० चा निकाल ९५.३० लागला. मधली एक तुकडी तेवढी भरडली गेली. त्यांचे काय चुकले? मार्च २०१९ मध्ये दहावीला होती, एवढेच.

शेजाऱ्यांकडेही हेच झाले. २०२४ साली कर्नाटकाने कॉपी रोखण्यासाठी परीक्षागृहांत कॅमेरे लावून थेट देखरेख केली. निकाल इतका खाली येऊ लागला की त्या वर्षापुरती उत्तीर्णतेची अट ३५ वरून २५ टक्के करून सवलतीचे गुण द्यावे लागले. तरीही निकाल ७३.४० टक्के, आणि आदल्या वर्षी तो ८३.८९ होता.

करोनाच्या काळात दोघांच्या स्वभावातला फरक उघडाच पडला. २०२१ साली महाराष्ट्राने दहावीची परीक्षा रद्द करून शाळेतल्या कामावर गुण दिले. निकाल ९९.९५ टक्के. कर्नाटकाने १९ आणि २२ जुलै अशा दोनच दिवसांत पर्यायी उत्तरांचे पेपर घेऊन सर्व विषय उरकले. निकाल जवळजवळ शंभर टक्के! दोघेही पोचले एकाच गावी. पण आपल्याकडे त्या गुणांवर अकरावीची रांग लावता येईना, म्हणून वेगळी प्रवेश परीक्षा जाहीर झाली आणि ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली. दाखला दिला होता, तिकीट उरले होते.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. विलायतेत इंग्लंड आणि वेल्स हे आपल्यासारखेच शेजारी. २०१२ साली इंग्रजीच्या जीसीएसई परीक्षेत श्रेणीची सीमारेषा जानेवारीपेक्षा जूनमध्ये वर गेली आणि पुष्कळ मुलांची श्रेणी घसरली. वेल्सच्या सरकारने तिथल्या परीक्षा मंडळाला पुन्हा श्रेणी द्यायला लावली आणि दोन हजारांहून अधिक मुलांची श्रेणी सुधारली. त्याच मंडळाचा तोच पेपर इंग्लंडमध्ये दिलेल्या मुलांना मात्र इंग्लंडच्या नियामकाने, म्हणजे ऑफक्वालने, तो लाभ नाकारला. पुढे वेल्सने २०१५ साली आपला स्वतंत्र नियामक काढला. आज इंग्लंडमध्ये श्रेणी ९ ते १ अशा आकड्यांत आहे आणि वेल्समध्ये अक्षरांत. म्हणजे कागवाड सगळीकडे असते.

काही वर्षांपूर्वी सीमेपलीकडच्या आमच्या नात्यातली एक मुलगी अकरावीसाठी इकडे आली. गुण उत्तम. पण एका कॉलेजच्या खिडकीवर ६२५ ची गुणपत्रिका पाहून कारकून म्हणाला, "हे आमच्या फॉर्मात बसत नाही." मायग्रेशन सर्टिफिकेट आणायला ती दोनदा परत गेली, तोवर पहिली यादी संपली. पोरगी रडली नाही, पण "मावशी, मी नापास झालेय का?" असे तिने विचारले. हा प्रश्न मला फार लागला. तिने परीक्षा चांगली दिली होती. दोन कार्यालयांनी आपसात बोलायचे काम तिच्या डोक्यावर दिले होते.

हा विषय आज काढण्याचे कारण असे. २०२५-२६ पासून आपल्या राज्यात अकरावीचा प्रवेश सगळीकडे ऑनलाइन, एकाच पद्धतीने होऊ लागला. पूर्वी हे मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांपुरते होते, आता सांगली-मिरज-कुपवाडही त्यात आले. ऑक्टोबर २०२५ मध्ये कर्नाटकाने जाहीर केले, की एस.एस.एल.सी.ला एकूण ३३ टक्के, म्हणजे ६२५ पैकी २०६, आणि प्रत्येक विषयात किमान ३० गुण पुरेत. इकडे ३५ लागतात. म्हणजे ३३ टक्क्यांचा मुलगा कागवाडला पास आणि म्हैसाळला नापास. २०२४ साली कर्नाटकाने वर्षात तीन परीक्षा घेतल्या, आपल्याकडे मार्चनंतर जुलैची पुरवणी, आणि सीबीएसईने २०२६ पासून दहावीला दोन परीक्षा ठरवल्या. फरक कमी होत नाहीत, वाढत आहेत.

मग सगळ्या देशाला एकच बोर्ड करावे का? मला तसे वाटत नाही. प्रत्येक मुलखाची भाषा, गरज आणि इतिहास वेगळा आहे, आणि ते १२५ गुण त्या इतिहासातूनच आले आहेत. शेजाऱ्याने आपल्यासारखेच तांदूळ शिजवावेत हा हट्ट कशाला? पण मापाचे नाव भांड्यावर लिहिलेले असावे. किती विषय धरले, अंतर्गत गुण किती, सवलतीचे किती, हे गुणपत्रिकेवर मोठ्या अक्षरांत छापले तर खिडकीवरच्या माणसाला दुसऱ्या राज्याचा कागद वाचता येईल. आणि नियम बदलायचा तर मुले आठवीत असताना सांगावा, म्हणजे दहावीत आलेल्या तुकडीवर प्रयोग होणार नाहीत.

आपल्यापैकी ज्यांची नातवंडे यंदा दहावीला आहेत, आणि त्यातली काही इकडे तर काही तिकडे आहेत, त्यांनी निकालाच्या दिवशी एवढे जरूर करावे. टक्के ऐकून लगेच तुलना करू नये. आधी विचारावे, "कितीपैकी?"