उतरत्या आतड्याच्या धमन्या आणि त्यांचा बदलता नकाशा

मोठ्या आतड्याचा उतरता भाग, त्यापुढचा सिग्मॉइड आणि गुदाशयाचा वरचा भाग यांना मुख्यतः खालच्या आंत्रधमनीतून रक्त मिळते. कमरेच्या तिसऱ्या मणक्यासमोर, महाधमनी दुभंगते त्याच्या साधारण चार सेंटीमीटर वर, तिचा उगम होतो. पाठ्यपुस्तकातील आकृतीत तिच्या शाखा ठरलेल्या असतात: डावी कोलिक, दोन-चार सिग्मॉइड आणि शेवटी वरची गुदधमनी. प्रत्यक्षात ही मांडणी माणसागणिक बदलते. कोणात डावी कोलिक स्वतंत्र निघते, कोणात ती आणि सिग्मॉइड एकाच खोडातून फुटतात, कोणात सगळ्या शाखा एकाच ठिकाणी फाकतात. क्वचित डावी कोलिक नसतेच.

या धमन्यांचे पहिले तपशीलवार चित्रण अठराव्या शतकातले. गॉटिंगेन येथील आल्ब्रेख्त फोन हालर याने मृतदेहाच्या रक्तवाहिन्यांत रंगीत द्रव्य भरून त्यांची चित्रे काढवली. ती 1743 ते 1756 या काळात प्रसिद्ध झाली. वरच्या आणि खालच्या आंत्रधमन्यांना सांधणाऱ्या कमानीला मात्र पॅरिसचा शरीरशास्त्रज्ञ झाँ रिओलाँ याचे नाव चिकटले. हार्वीचा रक्ताभिसरणाचा सिद्धांत न मानणारा हाच तो रिओलाँ. ‘रिओलाँची कमान’ म्हणजे नेमकी कोणती वाहिनी, यावर ग्रंथकारांचे आजही एकमत नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी गुदाशयाच्या कर्करोगावर मोठ्या शस्त्रक्रिया होऊ लागल्या आणि तोवर विच्छेदनगृहापुरता असलेला हा विषय जिवावरचा ठरला. धमनी बांधल्यावर उरलेले आतडे काळे पडले तर रोगी वाचणे कठीण. 1907 साली हॅम्बुर्गचा पाउल झुडेक याने शेवटची सिग्मॉइड धमनी आणि वरची गुदधमनी यांच्यामधल्या जागेकडे लक्ष वेधले: तिच्याखाली धमनी बांधल्यास गुदाशयाचे रक्त तुटेल, असे त्याचे म्हणणे होते. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये दोन मते मांडली गेली. लंडनच्या अर्नेस्ट माइल्सने डावी कोलिक राखून तिच्याखाली धमनी बांधली. लीड्सच्या बर्कली मॉयनिहनने लसिकाग्रंथी पुरत्या निघाव्यात म्हणून ती उगमाशीच बांधावी असे सुचवले. उगमाशी बांधल्यावर आतडे कशावर जगेल, याचे उत्तर त्याच्या काठाने धावणाऱ्या सीमाधमनीत होते. 1913-14 च्या सुमारास ड्रमंड याने मुख्य शाखा बांधूनही या वाहिनीतून द्रव पुढे सरकतो हे दाखवले. ती आजही त्याच्या नावाने ओळखली जाते.

पण हा काठही सर्वत्र सारखा भक्कम नसतो. प्लीहेजवळच्या वळणावर वरच्या आणि खालच्या आंत्रधमन्यांची क्षेत्रे भिडतात. गर्भातील मध्यांत्र आणि पश्चांत्र यांची हद्दही याच परिसरात येते. काही जणांत तेथे सीमाधमनी बारीक असते किंवा तुटलेली असते. 1956 साली ग्रिफिथ्सने या जागेचे वर्णन केले आणि तिलाही त्याचे नाव मिळाले. 1965 मध्ये फिलाडेल्फियाच्या निकोलस मायकल्स आणि सहकाऱ्यांनी 400 विच्छेदनांच्या आधारे उतरते आतडे व गुदाशय यांच्या धमन्यांतील वैविध्य मांडले. अपवाद म्हणून तळटीपेत जाणाऱ्या रचना त्यामुळे मुख्य मजकुरात आल्या. झुडेकच्या जागेची भीती मात्र ओसरली. तेथे बहुधा जोड असतो आणि गुदाशयाला श्रोणीतल्या धमन्यांकडूनही रक्त मिळते, हे स्पष्ट झाले होते.

महाधमनीच्या फुगवट्यावरील शस्त्रक्रियांत खालची आंत्रधमनी अनेकदा बांधावी लागते. 1951 मध्ये पॅरिसच्या शार्ल द्युबोस्टने फुगलेला भाग काढून त्याजागी मानवी धमनीचे कलम बसवले. त्यानंतर अशा शस्त्रक्रिया रुळल्या आणि सीमाधमनीच्या अवस्थेला नव्याने महत्त्व आले.

आज सीटी अँजिओग्राफीत रोग्याची स्वतःची मांडणी आधीच दिसते. शस्त्रक्रियेत आतड्याच्या कापलेल्या कडेचा रंग, सीमाधमनीतील ठोका आणि कडेतून झिरपणारे लाल रक्त पाहण्याची जुनी रीत चालूच आहे. तिच्या जोडीला शिरेतून दिलेले हिरवे रंगद्रव्य अवरक्त प्रकाशात कोठवर चमकते हे पाहून टाके कोठे घालायचे ते ठरवता येते.