पॅरालीगल, नगर-वकिलाच्या कचेरीतील

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत शहर किंवा कौंटी यांच्या वतीने दावे चालविणाऱ्या सरकारी वकिलाच्या कचेरीत, स्वतः सनदधारक नसताही वकिलाच्या देखरेखीखाली कायद्याचे प्रत्यक्ष काम करणारा कर्मचारी. पक्षकारास सल्ला देणे व न्यायालयात त्याची बाजू मांडणे या गोष्टी त्याला वर्ज्य असल्या, तरी दाव्याचे दप्तर उभे राहते ते बहुधा त्याच्याच हातून. कॅलिफोर्नियाने २००० साली केलेल्या कायद्याने या व्यवसायाची व्याख्या व पात्रता निश्चित केली.

नगरपालिकेच्या नादुरुस्त पदपथावर पडून कोणी जखमी झाला, तर त्या राज्यात सामान्यतः सहा महिन्यांच्या आत लेखी मागणी दाखल करावी लागते, आणि तिचा निकाल लावण्यास शासनाला ४५ दिवस मिळतात. या मुदतींचा हिशेब ठेवणे, दुरुस्तीच्या नोंदवह्या, छायाचित्रे व जबान्या जमविणे, आणि प्रतिपक्षास द्यावयाच्या कागदांतून वकील व पक्षकार यांच्यातील गोपनीय पत्रव्यवहार निवडून अलग ठेवणे, हे या पदाचे खरे मर्म होय. एक गोपनीय पत्र अनवधानाने बाहेर गेले, तर युक्तिवादाचे सारे कौशल्य त्यापुढे तोकडे पडू शकते. नागरिकांनी मागितलेले सार्वजनिक अभिलेख शोधून देण्याचे, काहीसे कंटाळवाणे, कामही पुष्कळदा त्याच्याकडेच येते. अशा श्रमाचे मोल बाजारभावाने धरण्यास सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये, मिसूरी विरुद्ध जेंकिन्स या खटल्यात, प्रतिपक्षाकडून वसूल करावयाच्या वकील-फीच्या संदर्भात मान्यता दिली.