औषधाची चिठ्ठी आणि तिचे मोल : महाड-पोलादपूर भागाच्या अनुषंगाने

उमरठ हे नाव महाराष्ट्रास ज्ञात आहे ते तानाजी मालुसरे यांच्या समाधीमुळे. सह्याद्रीच्या कुशीतील या गावाची गणना आज रायगड जिल्ह्याच्या पोलादपूर तालुक्यात होते. १९८१ पूर्वी हा जिल्हा कुलाबा या नावाने ओळखला जाई. अशा डोंगराळ गावातील रोग्यास वैद्यकीय उपचाराकरिता पोलादपूर किंवा महाड गाठावे लागते, आणि परतताना त्याच्या हाती एक चिठ्ठी व एक पुडके असते. चिठ्ठीत औषधाचे नाव, त्याची मात्रा आणि पर्यायाने त्याची किंमत अशा तीन गोष्टी ठरलेल्या असतात. यांपैकी एकीचीही शहानिशा त्यास स्वतः करता येत नाही. चूक लक्षात आली तरी परत जाण्यास एक दिवस आणि एका दिवसाची मजुरी खर्ची पडते. ही परिस्थिती कशी निर्माण झाली आणि तिच्या निवारणार्थ कायद्याने काय केले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वैद्यकाच्या जुन्या व्यवस्थेत रोगाची परीक्षा करणारा, औषध सिद्ध करणारा आणि मोबदला घेणारा हा बहुधा एकच इसम असे. गुंज, मासा, तोळा ही त्याची मापे सोनाराच्या व किराण्याच्याही दुकानात चालत. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा हे कोष्टक पाठशाळेत न गेलेल्यांसही ठाऊक असे. ‘मात्रा’ हा शब्द या दृष्टीने लक्षणीय आहे. व्याकरणात तो उच्चाराचे मान दर्शवितो, लिपीत अक्षरावरील चिन्ह, तर वैद्यकात औषधाचे प्रमाण आणि प्रत्यक्ष रसौषधही. ‘मात्रा लागू पडली’ असे म्हणताना बोलणाऱ्याच्या मनात प्रमाण आणि परिणाम यांचा संबंध स्पष्ट असतो. ही व्यवस्था निर्दोष होती असे मात्र म्हणता येणार नाही. भेसळ, अज्ञान व लोभ तिच्यातही होते. तथापि चुकीचा जाब कोणास विचारावा, याविषयी संदेह नसे.

१८४५ साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज व जमशेटजी जीजीभाई रुग्णालय सुरू झाले. पुढे जिल्ह्याजिल्ह्यांतून दवाखाने निघाले, आणि त्यांच्याबरोबर लिहिणारा व औषध देणारा यांची फारकत झाली. डॉक्टरने लिहावे आणि कंपाउंडरने मिश्रण करून बाटली भरावी, असा परिपाठ पडला. चिठ्ठीची भाषा इंग्रजी, तीतील संक्षेप लॅटिन आणि मापे ग्रेन, ड्राम व औंस अशी होती. औंस म्हणजे आठ ड्राम. परंतु हस्तलिखितात या दोन मापांच्या चिन्हांत केवळ वरच्या एका वळणाचा भेद असे. ते वळण घाईत राहून गेले किंवा अधिक पडले, तर मात्रा आठपट कमी वा अधिक व्हावी, इतका तो नाजूक होता. निरक्षर रोग्याकरिता बाटलीवर कातरलेल्या कागदाची पट्टी चिकटविण्याची युक्ती निघाली. एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत एक डोस, हे कोणालाही कळे. औषध देणाऱ्याने रोग्याच्या भाषेत लिहिलेला मजकूर तो काय तो हाच, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

कायद्याने या व्यवहारात प्रवेश केला तो कर्नल रा. ना. चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली १९३०-३१ मध्ये झालेल्या औषध चौकशी समितीनंतर. १९४० चा औषध कायदा, १९४५ चे नियम आणि १९४८ चा फार्मसी कायदा यांनी आजची चौकट सिद्ध केली. चिठ्ठी लेखी असावी, तीवर सही व तारीख असावी, रोग्याचे नाव-पत्ता, औषधाचे एकूण परिमाण व घेण्याची मात्रा नमूद असावी, असे नियम सांगतात. विशिष्ट वर्गांतील औषधांच्या बाबतीत लिहिलेल्या औषधाऐवजी दुसरे देण्यासही त्यांनी मनाई केली. औषध देण्याचा अधिकार नोंदणीकृत औषधनिर्मात्यापुरता मर्यादित झाला. परंतु प्रथम नोंदवहीत पाच वर्षे प्रत्यक्ष काम केलेल्या जुन्या कंपाउंडरांनाही स्थान देणे भाग पडले. त्यांना वगळले असते तर अनेक गावी औषध देणारा उरलाच नसता. पुढे १९५८ पासून दशमान मापे टप्प्याटप्प्याने आली. ड्राम-औंसाचा घोटाळा संपला. त्याच्या जागी दशांश चिन्हाचा आला. एक पूर्णांक दर्शविताना पुढे लिहिलेले टिंब व शून्य, टिंब पुसट झाल्यास, दहा म्हणून वाचले जाते.

चिठ्ठीतील चूक ही पुष्कळदा वैद्यकीय ज्ञानाची नसून वाचनाची असते. ‘ओ. डी.’ हा संक्षेप एके ठिकाणी ‘दिवसातून एकदा’ असा, तर नेत्रवैद्यकात ‘उजवा डोळा’ असा अर्थ देतो. देवनागरी चार हा आकडा इंग्रजी आठासारखा दिसतो, आणि दोन्ही लिप्यांत वावरणाऱ्या लेखणीकडून त्यांची सरमिसळ होणे अशक्य नाही. व्यापारी नावांच्या उच्चारसाम्यामुळे या गोंधळात भर पडते. २०१६ साली भारतीय वैद्यक परिषदेने औषधाचे मूळ नाव सुवाच्य व शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे, असा नियम केला. तत्पूर्वीच्या वर्षी निघालेल्या औषधव्यवसाय विनियमांनी रोग्यास औषधाविषयी समजावून सांगणे हे औषधनिर्मात्याचे कर्तव्य ठरविले.

चूक चिठ्ठीच्या पलीकडेही होऊ शकते, हे १९८६ साली मुंबईच्या त्याच जमशेटजी जीजीभाई रुग्णालयात दिसून आले. डायएथिलीन ग्लायकॉलने दूषित झालेले ग्लिसरीन दिल्यामुळे १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने खरेदी, परवाना, तपासणी आणि शासन या सर्वच पायऱ्यांवरील शैथिल्य उघडकीस आणले. तेथे डॉक्टरने लिहिलेले औषध योग्य होते. नावाप्रमाणे वस्तू नव्हती. जबाबदारी अनेक हातांत वाटली गेली की ती कोणाच्याच हाती राहत नाही, याचे यापेक्षा दुःखद उदाहरण महाराष्ट्राच्या आरोग्येतिहासात क्वचितच आढळेल.

आता किमतीचा विचार. चीनच्या आक्रमणाच्या सुमारास, १९६२ व १९६३ साली, औषधांच्या किमती प्रदर्शित करण्याचे व त्या गोठविण्याचे आदेश निघाले. १९७० च्या आदेशाने त्यांस व्यापक रूप दिले. त्यानंतरचे आदेश १९७९, १९८७, १९९५ व २०१३ या वर्षांचे होत. छापील किमतीहून अधिक घेण्यास बंदी आहे. सुट्या गोळ्यांची किंमतही पाकिटाच्या प्रमाणातच असावी लागते. ज्यास संपूर्ण पाकीट परवडत नाही असा रोगीच सुट्या गोळ्या मागतो. म्हणून हे कलम लहान असले तरी त्याचा संबंध सर्वांत गरीब गिऱ्हाइकाशी आहे. मात्र कात्रीने कापलेल्या तुकड्यावर किंमत, मुदत व कधीकधी नावही राहत नाही. पावती न मागितल्यास या कलमाचा उपयोग शून्य होय.

तिसऱ्याने पैसे भरावयाची पद्धत आल्यावर प्रश्न अधिक गुंतागुंतीचा झाला. १९४८ च्या कायद्यानुसार कामगार राज्य विमा योजना १९५४ साली मुंबईत लागू झाली. कोकणातून गिरणीत गेलेल्या कामगाराच्या वेतनातून वर्गणी कापली जाई, त्यामुळे उपचाराच्या वेळी वेगळा आकार देण्याचे कारण नसे. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत रायगड होता. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावे चालते. तिच्या कक्षेतील उपचार लाभार्थ्यास विनामूल्य व्हावयाचे आहेत. तरीही ‘हे औषध योजनेत बसत नाही’, ‘तपासणीचे वेगळे’ असे सांगून पैसे घेतल्याच्या तक्रारी वारंवार पुढे आल्या. सावकाराच्या वहीत जसे व्याजाखेरीज कसर, मनोती असे निरनिराळे शब्द असत, तशी ही शब्दरचना आहे. जे घ्यावयाचे नाही, त्यास नवे नाव दिले की ते घेता येते.

दाद मागण्याच्या मार्गातही एक विषमता आहे. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. परंतु जेथे सर्वांनाच विनामूल्य उपचार मिळतात अशी रुग्णालये तिच्याबाहेर ठेवली. विम्याने पैसे भरले तर रोगी ग्राहक ठरतो. २००७ साली कामगार विमा रुग्णालयांनाही हेच तत्त्व लागू झाले. महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क केले. हा निर्णय स्वागतार्ह होय. परंतु ज्याने काहीच दिले नाही तो ग्राहक नाही, आणि ग्राहक नसलेल्यास चुकीबद्दल ग्राहक न्यायालय नाही, हा तर्क उमरठसारख्या गावातील रोग्यास नेमका बाधतो. त्याला दिवाणी न्यायालय मोकळे आहे. तेथवर जाण्याचे बळ मात्र त्याच्यापाशी क्वचितच असते.

या इतिहासावरून इतके स्पष्ट होते की कायद्याने चिठ्ठी, नोंद, छापील किंमत आणि पावती अशी लेखी साधने निर्माण केली. पण त्यांचा उपयोग वाचता येण्यावर अवलंबून आहे. पुड्यावर ‘सकाळी एक, जेवणानंतर’ इतके मराठी शब्द लिहिणे, आकडा अक्षरी देणे आणि न मागता पावती देणे यांस नवा कायदा लागत नाही. पूर्वीच्या कंपाउंडरने कागदाला खाचा पाडून जे साधले, ते साक्षरता पसरलेल्या काळात साधू नये, याला काही कारण दिसत नाही.