उन्हाचे डाग, नाडीचे डाग

मराठवाड्यात उन्हाची तक्रार कुणी करत नाही. ऐकणार कोण? डोक्याला गमछा किंवा पदर गुंडाळायचा आणि रानात उतरायचं. पण ऊन माणसाच्या कातडीवर काय लिहून जातं, हे वाचायला वैद्यकशास्त्रालाही बराच वेळ लागला.

1894 साली हॅम्बुर्गचे त्वचारोगतज्ज्ञ पॉल उन्ना यांनी खलाशांची कातडी बारकाईनं पाहिली. वर्षानुवर्षं उघड्या डेकवर काम केलेल्या या माणसांचे चेहरे आणि हात जाड, खरखरीत, डागाळलेले झाले होते आणि तशाच कातडीत पुढं कॅन्सर उपजत होता. 1928 साली फिंडले यांनी उंदरांवर अतिनील किरण सोडून हेच प्रयोगानं दाखवलं.

उन्हाचा हा डाग डोळ्याला दिसण्याआधी बोटाला कळतो. कपाळ, टक्कल, कानाची पाळी, तळहाताची मागची बाजू यांवर बोट फिरवलं की पॉलिश पेपरसारखं खरखरतं. खपली काढली तरी पुन्हा धरते. अशा सगळ्याच डागांचा कॅन्सर होत नाही, थोड्यांचाच होतो. तो नेमका कोणत्या डागाचा होणार हे आधी ओळखता येत नाही, म्हणून डॉक्टर ते काढून टाकतात. द्रवरूप नायट्रोजननं गोठवतात, खरवडतात किंवा फ्लुओरोयुरॅसिलचं मलम देतात. या मलमाची कथा गमतीची आहे. मूळ औषध 1957 मध्ये आलं ते शरीराच्या आतल्या कॅन्सरसाठी. 1962 साली दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांना दिसलं की, हे औषध घेणाऱ्या रुग्णांचे उन्हाचे जुने डाग लालबुंद होऊन निघून जाताहेत. मग तेच औषध मलमात आलं.

आपल्या सावळ्या कातडीला मेलॅनिनची छत्री जन्मतःच मिळालेली असते. त्यामुळं हे डाग आपल्याकडं कमी. जन्मापासून ज्यांच्या कातडीत रंगच नसतो त्यांना मात्र या उन्हाचा धोका फार मोठा. टोपी आणि पूर्ण बाह्या ही त्यांची हौस नव्हे, औषध आहे. बाकीच्यांच्या कातडीत हा आजार आला तो दुसऱ्या दारांनी. काश्मीरमध्ये फेरनच्या आत पोटाशी निखाऱ्यांची कांगडी धरतात. तिच्या धगीनं कातडीवर जाळीदार डाग उमटतात आणि काहींना त्याच जागी कॅन्सर होतो. एल्म्स्ली या मिशनरी डॉक्टरनं 1866 सालीच त्यावर लिहून ठेवलं आहे.

महाराष्ट्राचं दार मात्र कमरेला होतं. ते दाखवलं डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी. खानोलकर म्हटलं की आम्हा कवींना आधी आरती प्रभू आठवतात. हे खानोलकर वेगळे. 1941 मध्ये मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं, तिथले हे विकृतिशास्त्रज्ञ. 1945 साली त्यांनी आणि बी. सूर्याबाई यांनी भारतातल्या चालीरीतींशी जोडलेले कॅन्सरचे तीन नवे प्रकार मांडले. एक खैनीचा, एक पेटतं टोक तोंडात धरून ओढलेल्या चुट्ट्याचा आणि तिसरा धोतराचा. धोतर कमरेला एकाच जागी, रोज, आवळून बांधलं जातं. तिथं घाम, धूळ आणि घासणं यांचा मुक्काम असतो. मला या कामाचं मोल वाटतं ते एका साध्या गोष्टीसाठी. सूक्ष्मदर्शकाखाली कातडीचा तुकडा पाहणाऱ्या माणसांनी तो तुकडा ज्याचा होता तो काय नेसतो, काय ओढतो, हेही विचारलं.

धोतरं पुढं कमी झाली. लुगडं आणि परकराची नाडी राहिली. आमच्या दखनी घरात तिला नाडा म्हणतात, शेजारच्या घरात नाडी; कमरेवरचा वळ दोन्ही घरांत सारखाच. आधी त्या पट्ट्यातली कातडी काळी पडते, जाड होते, खवले धरते. कुठं कुठं रंग उडून पांढरा चट्टा पडतो. मग खाज, चीर आणि एक जखम, जी भरल्यासारखी होते आणि पुन्हा उघडते. नाडी त्याच जखमेवर पुन्हा आवळली जाते, कारण सैल परकर घालून खुरपायला बसता येत नाही.

2024 मध्ये वर्धा आणि मधुबनी इथल्या डॉक्टरांनी ब्रिटनच्या एका वैद्यकीय नियतकालिकात अशा दोन स्त्रियांची हकीकत लिहिली. एकीचं वय सत्तर. कमरेच्या उजव्या बाजूची जखम तिनं 18 महिने सोसली होती. दुसरी साठीच्या शेवटी पोचलेली, 40 वर्षं परकराशिवाय लुगडं कसून नेसणारी. तिच्या जखमेला दोन वर्षं झाली होती आणि आजार जांघेतल्या गाठीत उतरला होता. बातमी आली तेव्हा काहींनी ती साडीवरचा हल्ला समजून रागानं वाचली. दोष साडीचा नाही, आवळलेल्या दोरीचा आहे. सलवारीची नाडीही तेवढीच आवळली तर तेच करील.

काळ्या-जाड पट्ट्यावर उपाय किरकोळ आहे. नाडी सैल करायची किंवा तिच्या जागी रुंद पट्टी लावायची, गाठीची जागा वर-खाली बदलायची, घरी असताना कमर मोकळी ठेवायची. चार-सहा आठवड्यांत न भरणाऱ्या जखमेला मात्र मलमं बदलत बसण्यात अर्थ नाही. तिथला छोटा तुकडा काढून तपासावा लागतो. कॅन्सर निघाला तर भोवतालच्या निरोगी कातडीसकट ती जागा कापून काढतात. वेळेत झालं तर बहुतेकदा तेवढ्यावर भागतं. गाठीत उतरल्यावर शस्त्रक्रिया मोठी होते. छत्रपती संभाजीनगरला घाटीत त्वचारोग विभाग आहे, शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. अडचण असते ती आधीच्या टप्प्यावर. कमरेचा डाग बाई नवऱ्यालाही दाखवत नाही, मग डॉक्टरांना कुठून दाखवणार? आणि हात-पाय दुखतात म्हणून ती दवाखान्यात आलीच, तर नाडी कुठं बांधता, असं तिला सहसा कुणी विचारत नाही.