‘शांत व्हा’ म्हणून कोण शांत होतं?

आजची गोष्ट अमेरिकेतल्या युटा राज्यातली, सॉल्ट लेक सिटीची. काळ 1970 च्या दशकाचा शेवट.

तेव्हा ॲम्ब्युलन्ससाठी फोन केला की पलीकडचा माणूस साधारणपणे पत्ता लिहून घ्यायचा, गाडी पाठवायचा आणि फोन ठेवून द्यायचा. बस्स. इकडे मूल काळंनिळं पडलंय, आई किंचाळतेय, आणि रिसीव्हरमधून नुसता टूंऽऽ. फोन घेणारे निर्दयी होते असं नाही हं. फोनवरून वैद्यकीय सल्ला दिला आणि चुकला तर अंगाशी येईल, ही भीती होती. शिवाय एक समज पक्का होता: घाबरलेला माणूस ऐकतच नाही, मग बोलायचं कशाला?

डॉ. जेफ क्लॉसन तिथल्या अग्निशमन दलाचे डॉक्टर. त्यांनी फोन घेणाऱ्यांसाठी कार्डं तयार केली. छातीत दुखतंय? हे कार्ड. घशात काही अडकलंय? ते कार्ड. काय विचारायचं, कोणती गाडी पाठवायची, आणि ती पोचेपर्यंत घरच्यांनी काय करायचं, सगळं त्यावर.

पण किंचाळणाऱ्याला प्रश्न विचारायचे कसे? यावरचा उपाय मला फार आवडतो, कारण पहिल्यांदा ऐकताना तो चक्क बावळट वाटतो. एकच वाक्य, तेच शब्द, तोच सूर, पुन्हा पुन्हा. ‘पत्ता सांगा, म्हणजे मदत पाठवता येईल.’ नाही ऐकलं? ‘पत्ता सांगा, म्हणजे मदत पाठवता येईल.’ नुसता हुकूम नको, सोबत कारण हवं. आणि आवाज चढवायचा नाही. तो चढला की समोरच्याला वाटतं, आता यांनाही काही सुचत नाहीये.

आपल्यालाही 108 वर कुणी प्रश्न विचारले की राग येतो ना? ‘आधी गाडी पाठवा!’ क्लॉसन यांच्या पद्धतीत गाडी निघालेली असतानाही प्रश्न आणि सूचना चालूच राहतात.

आणि तो ‘ऐकतच नाहीत’वाला समज? 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात क्लॉसन आणि एका सहकाऱ्याने कॅनडा आणि अमेरिकेतले हजारो कॉल तपासले. (आपलीच पद्धत आपणच तपासली, हे लक्षात ठेवा.) 1 म्हणजे नेहमीसारखं बोलणारा, 5 म्हणजे पूर्ण ताबा सुटलेला. दोन्हीकडे सरासरी निघाली 1 च्या जेमतेम वर.