काढ्याचा चहा कधी झाला?

सर्दी झाली की आपल्या वऱ्हाडात घरोघरी अद्रक, तुळस, गवती चहा उकळायला ठेवतात. त्याला कोणी काढा म्हणतं, कोणी चहा. हे दोन शब्द एक कसे झाले, ते समजून घेऊ या. कारण त्याचा संबंध तुमच्या तब्येतीशी आहे.

काढा जुना. शार्ङ्गधर संहितेत त्याची कृती मोजून दिली आहे: भरड औषधाच्या सोळापट पाणी घ्यायचं, मातीच्या भांड्यात मंद आचेवर आटवून आठवा हिस्सा ठेवायचा. गरम पाण्यात औषध भिजवून गाळलं तर तो 'फांट'. आपला आजचा हर्बल टी याच्याच जवळचा. दोन्ही औषधंच. कोणाला, किती आणि किती दिवस द्यायचं, हे वैद्य ठरवत.

चहाची गोष्ट वेगळी. १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे वऱ्हाडातून नागपूरला पोचली, ती कापसासाठी महत्त्वाची ठरली. चहा मात्र प्रचाराने आला. १९०३ च्या कायद्याने चहावर उपकर बसला आणि त्या पैशातून देशभर चहाची जाहिरात झाली, कप फुकट वाटले गेले. म्हणजे काढा आजारापुरता होता, चहा रोजची सवय झाली.

३१ मार्च २०२० ला आयुष मंत्रालयाने कोरोनाकाळासाठी सूचना दिल्या. त्यात तुळस, दालचिनी, काळी मिरी, सुंठ, मनुका यांचा 'हर्बल टी किंवा काढा' दिवसातून एकदा-दोनदा घ्यायला सांगितला होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती-अकोल्यात रुग्ण झपाट्याने वाढले. अशा भीतीच्या दिवसांत 'एकदा-दोनदा' हे शब्द सहज मागे पडतात. काढ्याला चहाची सवय लागली, पण काढ्याचं माप सुटलं.

मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीची शंकाही मांडली गेली. दोन्ही बाजूंतून तुमच्यासाठी धडा एकच: वनस्पती ओळखीची हवी आणि मात्रा ठरलेली हवी.

एवढं लक्षात ठेवा:

• साधी सर्दी असेल तर अद्रक किंवा गवती चहाचा एखादा कप घ्यायला हरकत नाही. घशाला आराम मिळतो, पण न्यूमोनिया बरा होत नाही.
• रक्तदाब असेल तर ज्येष्ठमध रोज नको. त्याने दाब वाढतो, पोटॅशियम घटतं.
• रक्त कमी असेल तर जेवणासोबत साधा चहा टाळा. तो अन्नातलं लोह शोषू देत नाही.
• डोळे पिवळे, लघवी गडद, भूक मेलेली दिसली तर काढा थांबवा आणि लगेच दवाखाना गाठा.

डॉक्टरांना गोळ्यांची यादी सांगताना काढ्याचंही नाव सांगत जा. तेही औषधच आहे.